मट्टांचेरीत कोण कोण राहतं

कोचीला जायचं ते चेरलायसाठी, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. मट्टांचेरीतला हा छोटासा भाग. मध्ये तिरुमल देवस्वमचं व्यंकटेशाचं मोठं देऊळ, भोवती गौड सारस्वतांची घरं. या घरांत पिढ्यान् पिढ्या कोकणी बोलली जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात देवळं पाडायला सुरुवात केली, 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि जी माणसं देव आणि भाषा घेऊन होड्यांत बसली त्यातली काही थेट इथवर उतरली. हे मला कळलं तेव्हाच मनात आलं होतं की तिथं मावशीला घेऊन जायचं. मावशी सावंतवाडीची, सत्तरी ओलांडलेली. तिला मालवणीशिवाय दुसरी भाषा मनापासून बोलता येत नाही आणि अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. चेरलायला जाण्यासाठी याहून चांगली सोबत कुठली मिळणार?

ती दिवाळीपासून आमच्याकडे अलिबागलाच होती. जानेवारीत आम्ही पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेस पकडली. रत्नागिरी, मडगाव, कारवार, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड. गाडी जवळजवळ सगळा वेळ किनारा धरून जाते. ज्या वाटेनं ती माणसं बंदरा-बंदरावर थांबत, कुठे उडुपीला, कुठे मंगळूरला नातेवाईक मागे ठेवत खाली आली, तीच ही वाट. आपल्याला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी एर्णाकुळम येतं. मावशी खिडकीशी बसून कुठल्या खाडीला किती पाणी आहे ते सांगत होती.

एर्णाकुळम हे आजचं शहर: मेट्रो, मॉल, हायकोर्ट. जुनं कोची पाण्यापलीकडे. फोर्ट कोची आणि त्याला चिकटून मट्टांचेरी. बोटीनं जावं, बसनं नाही. सरकारी बोटीचं तिकीट अगदी थोड्या रुपयांचं आहे. आता बॅटरीवर चालणारी वॉटर मेट्रोसुद्धा आहे, 2023 साली सुरू झालेली, थंडगार आणि स्वच्छ. पण मला जुनी बोट आवडली. त्यात शाळेची मुलं असतात, मासळीच्या टोपल्या असतात, आणि उजव्या हाताला भली मोठी मालवाहू जहाजं इतक्या जवळून जातात की मान वर करून बघावं लागतं.

हे बंदर पुरानं दिलं असं मानतात. 1341 साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला. तोवर मिऱ्याचा सगळा व्यापार उत्तरेकडच्या मुझिरीस बंदरातून चालायचा. रोमनांपासून त्याची ख्याती. ते गाळानं बुजलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं. मग माणसं आली. अरब, ज्यू, चिनी, 1500 साली पोर्तुगीज, 1663 साली त्यांना हटवून डच, 1795 साली इंग्रज. सत्तेवर येणाऱ्यांची ही यादी पाठ्यपुस्तकात सापडते. मला ओढ होती ती त्यांच्या मागून, त्यांच्या भीतीनं किंवा त्यांच्या कामासाठी आलेल्यांची.

सकाळी लवकर चेरलायला पोचलो. देवळाबाहेर फुलांचे गजरे करत एक बाई बसल्या होत्या. मावशीनं चप्पल काढता काढताच विचारलं, "तुमचो गाव खंयचो?" बाईंनी मान वर केली. हातातला दोरा तसाच राहिला. त्या जे बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं, मावशीला बहुधा पाऊण. हेल पूर्ण मल्याळी, वाक्याचा शेवट वर जाणारा, पण आतले शब्द आमच्या आजीच्या माजघरातले. गाव हेच, म्हणाल्या, आजा-पणजा इथलेच, पण कुळदेवता म्हार्दोळची म्हाळसा. मावशी तिथंच कट्ट्यावर बसली. "अगो, आमी पन म्हार्दोळाक जातंव!"

म्हाळसेचं मूळ देऊळ सासष्टीतल्या वेर्ण्याला होतं. ते पोर्तुगिजांच्या हाती पडणार हे दिसल्यावर देवीला नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला म्हार्दोळला नेलं. देवी एका दिशेनं गेली, तिचे भक्त दुसऱ्या. चारशेहून जास्त वर्षं झाली. तरी चेरलायचे लोक लग्न झालं, मूल झालं की गाडीत बसून म्हार्दोळला, मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला जातात. त्या बाईही नातवाच्या जावळानंतर जाऊन आल्या होत्या. दोघींनी मग देवीच्या पालखीपासून सुरुवात करून दाळीतोय, पत्रोडे, उपकरी, गुडघेदुखी असं सगळं काढलं. मी देवळात जाऊन, प्रदक्षिणा घालून परत आले तरी दोघी बोलतच होत्या.

कोचीत सगळे गुण्यागोविंदानं राहिले असं पर्यटनाच्या पत्रकांत लिहिलेलं असतं. याच देवळाचा इतिहास तसं म्हणू देत नाही, आणि तो सांगायला हवा. कोचीच्या राजांनी या परागंदा कोकणी लोकांना जागा दिली, व्यापार करू दिला, हे खरं. डचांनी राजाशी केलेल्या करारात त्यांना संरक्षणही मिळालं. पण 1791 साली शक्तन तंपुरान या राजाचं आणि कोकणी व्यापाऱ्यांचं पैशांवरून बिनसलं, तेव्हा त्यानं त्यांच्या पुढाऱ्यांना ठार मारवलं आणि देवळावर हल्ला केला. लोक देवाची मूर्ती घेऊन त्रावणकोरच्या हद्दीत पळाले. मूर्ती आळप्पुळ्याला राहिली ती थेट 1853 पर्यंत. गोव्यातून पळालेल्यांना इथूनही पळावं लागलं. आणि तरी ते परत आले. मला या परत येण्याचं मोल फार वाटतं. सहिष्णुता म्हणून जे काही इथं आहे ते राजानं एकदा ताम्रपटावर लिहून दिलं आणि संपलं असं नाही. ते मोडलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा मोडलं.

भाषाही आपोआप टिकली नाही. 1966 साली इथं कोकणी भाषा प्रचार सभा स्थापन झाली. एन. पुरुषोत्तम मल्ल्या यांनी कोकणीसाठी अक्षरशः आयुष्य दिलं. कोकणीला 1992 साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं, त्यामागच्या खटपटीत कोचीतल्या या माणसाचा मोठा वाटा आहे. गोव्यात, सिंधुदुर्गात किती जणांना हे नाव माहीत असेल? आणि कोकणी म्हणजे फक्त सारस्वत नव्हेत. सोनार आले, वाणी आले, आणि कुडुंबी आले. कुडुंबी मुख्यतः शेतात आणि खाजणात राबणारे कष्टकरी. होळीला हळदीच्या पाण्यानं खेळतात. सारस्वतांकडे देऊळ होतं, पेढ्या होत्या. कुडुंब्यांकडे काहीच नव्हतं, तरी घरातली भाषा त्यांनीही धरून ठेवली. चेरलायबद्दल लिहिणारे पुष्कळदा यांना विसरतात.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट. हेंड्रिक व्हान रेडे नावाचा डच अधिकारी 1670 च्या सुमारास मलबारचा प्रमुख होता. त्यानं इथल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. ॲम्स्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात त्याचे 12 खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, त्यांची चित्रं, औषधी उपयोग. माहिती देणारे कोण? इट्टी अच्युतन हा ईळव या तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या समाजातला वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीतले तीन कोकणी वैद्य. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र छापलं आहे, 1675 सालचं, कोकणीत, नागरी लिपीत. चित्रांच्या कोपऱ्यांतही झाडाची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत.

मी त्या पानाचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ ते पान बाजूला ठेवता आलं नाही. सतराव्या शतकातलं युरोपात छापलेलं पुस्तक, भोवती सगळं लॅटिन, आणि मध्येच आपली ओळखीची अक्षरं, शिरोरेघेसकट. एक ईळव, तीन ब्राह्मण आणि एक डच अधिकारी एका कामाला बसले, आणि ज्यानं त्यानं आपापल्या लिपीत सही केली. कोचीची विविधता म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे पान दाखवीन. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून हा सगळा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणि मल्याळममध्ये आणला. मराठीत त्यातला एखादा तरी खंड यावा अशी माझी फार इच्छा आहे. त्यातली कितीतरी झाडं आपल्या परसातली आहेत.

चेरलायहून जू टाऊन, म्हणजे ज्यूंची जुनी गल्ली, चालत गाठता येतं. इथं मी गप्प झाले आणि मावशी बोलत राहिली. मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथं मागेन आबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. माझ्या लहानपणी आळीतल्या मैत्रिणीकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा व्हायचा. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आमच्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांची घरची भाषा मराठी, कीर्तनं मराठीत. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला जे शिक्षक आले त्यांतले कित्येक कोचीचे. म्हणजे आमच्या आळीतल्या प्रार्थनेचा एक धागा या गल्लीतून निघालेला.

गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग, बाहेरून आलेल्या आणि म्हणून ‘परदेशी’ म्हटल्या जाणाऱ्या ज्यूंचं, 1568 साली बांधलेलं. पोर्तुगिजांनी 1662 साली जाळलं, डच आल्यावर पुन्हा उभं राहिलं. घड्याळाचा मनोरा 1760 चा. त्याच्या वेगवेगळ्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिप्यांतले आकडे आहेत, त्यांत हिब्रू एक. आत जमिनीला अठराव्या शतकातल्या चिनी फरश्या, निळ्या-पांढऱ्या, हातानं रंगवलेल्या. छताला काचेची झुंबरं. भिंतीपलीकडे राजवाड्याचं भगवतीचं देऊळ. राजानं आपल्या देवीच्या भिंतीला लागून ज्यूंना जागा दिली, याचं कौतुक सगळे करतात आणि ते करायलाच हवं.

पण आतली गोष्टही त्याच गल्लीची आहे. परदेशी ज्यूंनी, ज्यांना ते गुलामांचे वंशज म्हणत अशा आपल्याच धर्मबांधवांना सिनेगॉगमध्ये बरोबरीनं बसू दिलं नाही. त्या वगळलेल्यांपैकीच एक वकील, अब्राहम बराक सेलम, यांनी विसाव्या शतकात आपल्याच प्रार्थनास्थळात सत्याग्रह केला. गांधींचा मार्ग त्यांनी ज्यूंच्या गल्लीत आणला आणि हळूहळू भिंत ढासळली. त्यांना लोक ज्यू गांधी म्हणत. जातीची ही रीत ज्यूंमध्येही रुजली होती हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ती मोडायला एक माणूस आतूनच उभा राहिला याचा अभिमानही वाटला.

आता गल्लीत ज्यू जवळजवळ नाहीत. 1950 च्या दशकापासून बहुतेक सगळे इस्रायलला गेले. उरले ते म्हातारे होऊन गेले. घरांच्या जागी काश्मिरी शालींची, जुन्या पितळी वस्तूंची दुकानं आहेत. फलकांवर नावं ज्यूंची, आत विकणारे श्रीनगरचे. त्या दुकानदारांबद्दल माझी तक्रार नाही. तेही पोटासाठी इतक्या लांब आलेत आणि त्यांची मुलं इथल्या शाळेत मल्याळम शिकताहेत. माझा सल इतकाच की आमची इस्रायल आळीही अशीच रिकामी होत गेली. घरं गेली, मलिदा गेला. वास्तू जपायला पुरातत्त्व खातं असतं, ट्रस्ट असतात. शेजार जपायला कुणी नसतं. चेरलायमध्ये त्या गजरेवाल्या बाई होत्या म्हणून मावशीला बोलता आलं. इथं तिनं सिनेगॉगमधल्या फरश्या पाहिल्या, "सुंदर आसत" म्हणाली, आणि बाहेर येऊन बसली.

फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला, त्याला इथं पुरलं आणि 14 वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. छताला ओढायचे कापडी पंखे अजून आहेत. मासे पकडायची चिनी जाळी पाहिली, संध्याकाळच्या गर्दीत. ती ओढायला चार-सहा माणसं लागतात आणि दुसऱ्या टोकाला दोरांनी बांधलेले दगड तोल सांभाळतात. याहून जास्त त्याबद्दल मला सांगावंसं वाटत नाही, कारण सगळेच सांगतात.

कूनन कुरिशु मात्र फार थोडे लोक बघतात. मट्टांचेरीतलंच चर्च. केरळचे सिरियन ख्रिश्चन पोर्तुगिजांच्या कितीतरी शतकं आधीचे. पोर्तुगिजांनी त्यांना आपल्या पद्धतीत आणायचा खटाटोप केला तेव्हा 3 जानेवारी 1653 ला ते इथं जमले आणि जेझुइट पाद्र्यांचं वर्चस्व मानणार नाही अशी शपथ घेतली. गर्दी इतकी की सगळ्यांचा हात क्रुसाला लागेना, म्हणून क्रुसाला दोर बांधले आणि लोकांनी ते दोर धरले. ओढीनं क्रूस वाकला अशी कथा आहे. ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांविरुद्ध घेतलेली ही शपथ. मावशीनं तिथं एक मेणबत्ती लावली.

वेळी नावाच्या भागातल्या धोबीखान्यात आम्ही गेलो ते दुपारी, आणि तिथून निघवेना. हे तमिळ वण्णार, म्हणजे धोबी. त्यांच्या पूर्वजांना डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला आणलं. आजचा धोबीखाना 1976 साली बांधलेला. प्रत्येक कुटुंबाला आपलं दगडी खण. आवारात तमिळ चालतं. वाळत घालायच्या दोऱ्या दुहेरी पीळ दिलेल्या असतात, कापडाचं टोक पिळात अडकवायचं, चिमटा लागत नाही. पांढऱ्या चादरींना भाताच्या पेजेची खळ. इस्त्र्या जड, काहींत अजून नारळाच्या करवंट्यांचा निखारा. एका आजोबांनी आम्हाला शर्टाची कॉलर कशी करायची ते करून दाखवलं. मुलं यात राहत नाहीत, म्हणाले, एक बंगळूरला, एक दुबईला. हातातली इस्त्री मात्र त्यांनी इतक्या प्रेमानं फिरवली की मला बघत राहावंसं वाटलं. हॉटेलांची चादर उद्या मशीनवर धुतली जाईल. आजच जाऊन बघा.

गुजराती रस्त्यावर जैन मंदिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास तिथं कबुतरांना दाणा घालतात, शेकडो कबुतरं एकदम उठतात. शेजारच्या दुकानात फाफडा आणि आत केरळी केळ्याचे वेफर्स एकाच काउंटरवर. थोडं पुढे कच्छी मेमनांची मशीद, दखनी बोलणारी कुटुंबं, आणि कायीच्या हॉटेलात सकाळपासून मिळणारी बिर्याणी. कैमा तांदळाची, बारीक दाण्याची. बासमतीची सवय असलेल्यांनी ती खाऊन बघावी. मला ती आवडली, कारण मसाला तांदळावर चढून बसत नाही.

परतताना बोटीत आमच्या शेजारी काही तरुण बसले होते, बंगालीत बोलणारे. मुर्शिदाबादचे, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतात. एर्णाकुळम आणि पेरुंबावूरच्या परिसरात आता बंगाली, आसामी, ओडिया माणसं फार मोठ्या संख्येनं आहेत. बसच्या पाट्या, दुकानांचे फलक बंगालीतही दिसतात. त्यांच्या मुलांना शाळेत मल्याळम यावं म्हणून एर्णाकुळम जिल्ह्यानं 2017 साली रोशनी नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांची मातृभाषा येणारे शिक्षक त्यांना शाळेत मदत करतात. मावशीनं एकाला हिंदी-मालवणीत विचारलं, घरी कधी जाणार. ईदला, तो म्हणाला, पण भाऊ आता इथंच राहणार आहे, त्याची मुलगी मल्याळममध्ये पहिली आली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जू टाऊन आणि मट्टांचेरीचा राजवाडा एकाच फेरीत बघायचा तर शुक्रवार-शनिवार टाळा. शुक्रवारी राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं घाईनं बघू नका. फोर्ट कोचीत खोली घेतलीत तरी जेवायला मट्टांचेरीत या. चेरलायला सकाळी जा, आणि कोकणी किंवा मालवणी येत असेल तर लाजू नका, पहिलं वाक्य तुम्हीच बोला. मावशीला आता कुडुंब्यांची हळदीची होळी बघायची आहे. गजरेवाल्या बाईंनी फोन नंबर दिलाय, आणि शिमग्याची तिकिटं मी कालच काढली.